काचेचा जेलीफिश: बोरोसिलिकेट की मऊ काच?

ज्योतीवर काचेचा जेलीफिश घडवताना खरी कसोटी त्याच्या लोंबत्या तंतूंची. मऊ सोडा-लाइम काचेत १–२ मिमीचा एक तंतू ओढेपर्यंत ज्योतीबाहेरचा दुसरा थंड होतो आणि पुन्हा ज्योत लागताच तडकतो. बोरोसिलिकेटचे (बोरॉन मिसळलेल्या कठीण काचेचे) उष्णतेने होणारे प्रसरण मऊ काचेच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे ते हा धक्का सोसते. मोकळे लोंबते तंतू हवेत तर बोरोसिलिकेटच घ्या. त्याला प्रोपेनसोबत ऑक्सिजन लागतोच.

तंतू घुमटाच्या आत दाखवायचेही सुंदर तंत्र आहे: पारदर्शक कांडीच्या टोकाला चकती दाबा, मागच्या बाजूला रंगीत रेघा ओढा आणि फक्त कड तापवत राहा. कड आत वळते, रेघा खोल ओढल्या जातात. घाई केली की मध्येच हवेचा बुडबुडा अडकतो.

जोडीला प्रवाळ घडवायचे असेल, तर त्याचे गडद, अपारदर्शक लाल-केशरी रंग मात्र मऊ काचेत अधिक खुलतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे काचकलाकार लिओपोल्ड ब्लाश्का यांनी १८६३ पासून, पुढे मुलगा रुडोल्फसोबत, समुद्रजीव घडवले तेही मऊ काचेतच, काही भाग चक्क सरसाने जोडून!

भट्टीत मऊ काच सुमारे ५१० अंश, बोरोसिलिकेट ५६५ अंश सेल्सिअसला मुरवा, म्हणजे आतला ताण जाईपर्यंत तिथे ठेवून हळूहळू निववा. दोन्ही एकत्र वितळवू नका. निवताना जोड फुटतोच.