शीव जमिनीवर बसवताना: क्यूजीआयएसच्या थ्रीडीसोबत आठ महिने

नागपुरात बसून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये रामटेक तालुक्यातल्या गावांचे नकाशे करतो. आठ महिन्यांपूर्वी एका गावात प्रोजेक्टर लावून त्यांचीच शीव थ्रीडीत दाखवली. सपाटीवर लाल रेघ झकास दिसत होती. टेकडी आली आणि रेघ गायब. पलीकडच्या उतारावर पुन्हा वर. मागून एक आजोबा म्हणाले, "काहून बाप्पा, आमची शीव जमिनीत गाडली काय?" सगळे हसले. मीही हसलो, पण घाम फुटला होता.

चूक माझीच होती. गावनकाशा गिरवताना मी फक्त वळणावर टिंब दिलं होतं. दोन टिंबांत 600 मीटर अंतर आणि मध्ये टेकडी. उंची मिळते ती टिंबांना. मधली रेघ सुतासारखी सरळ, म्हणजे टेकडीच्या पोटातून. रेघेला जमिनीची उंची देणारं 'ड्रेप' टूल चालवलं तरी तेच, कारण तेही टिंबांनाच उंची चिकटवतं. आधी 'डेन्सिफाय बाय इंटरव्हल'ने दर 20 मीटरवर टिंब घालायचं, मग ड्रेप. उलट केलंत तर नव्या टिंबांना जमिनीची उंची मिळतच नाही. फार बारीक करण्यातही अर्थ नाही. माझ्याकडच्या एसआरटीएमचा, म्हणजे जमिनीच्या उंचीच्या डेटाचा, एक चौकोनच 30 मीटरचा. शेताचा धुरा त्यात दिसेल ही आशा सोडा.

एवढं करूनही लांबून पाहिलं की रेघ जागोजागी बुडते. लांबून जमिनीची जाळी जाडीभरडी काढली जाते, रेघेची उंची मात्र आहे तीच राहते. म्हणून रेघ तीन मीटर वर उचलली. जवळून थोडी तरंगते, चालवून घेतो.

दुसरा रस्ता सोपा: रेघेला थ्रीडी शैली द्यायचीच नाही. मग ती नकाशाच्या चित्रातच राहते आणि ते चित्र जमिनीवर चादरीसारखं अंथरलं जातं. बुडायचा प्रश्न नाही, पण जवळ गेलं की धूसर होते, खड्या उतारावर ताणली जाते. टाइलचं, म्हणजे त्या चित्राच्या तुकड्यांचं, रिझोल्यूशन वाढवलं की सुधारते, फक्त माझ्या 8 जीबीच्या लॅपटॉपचा पंखा मे महिन्यात कूलरला मागे टाकतो. गावात दाखवायला मी आता हेच वापरतो.

मोजायचं असेल तर मात्र टिंबांचीच रेघ. 20 अंशांच्या उतारावर नकाशातले 100 मीटर जमिनीवर साधारण 106 भरतात. कुंपणाची तार आणणाऱ्याला हा फरक लागतो. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आडवं मोजलेलं. पटवाऱ्यांना ते एका वाक्यात कळलं, मला दोन दिवस लागले.

उंची दुप्पट करून दाखवायचा मोह टाळा. रामटेकची टेकडी हिमालय दिसते आणि लोक विचारतात, एवढा चढ कुठं आहे?

मागच्या महिन्यात त्याच गावात पुन्हा गेलो. रेघ टेकडीवरून अलगद चढली, उतरली, कुठं तुटली नाही. आजोबांनी चष्मा पुसला. "शीव बसली बरोबर. पण हे टेकडी तं अर्धी खोदून नेली ना!"

एसआरटीएमची उंची फेब्रुवारी 2000 मधली, अवकाशयानातून मोजलेली. गिट्टीची खदान त्यानंतरची.