कपड्यांच्या कुबट वासावर घरचा फवारा : एका पावसाळ्याचा अनुभव

आमचे घर डोंबिवलीत तळमजल्यावर आहे आणि जुलै उजाडला की बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटातील कपड्यांना कुबट वास येऊ लागतो. कपडे स्वच्छ धुतलेले असतात, घडीही हाताला कोरडीच लागते, पण उशीवर डोके टेकले की अभ्र्यातून ओल्या गोणपाटासारखा वास नाकात शिरतो. गेल्या पावसाळ्यात बाजारातून तयार फवारा आणण्याऐवजी मी तो घरीच करून पाहिला. एकूण तीन प्रकार केले आणि आषाढापासून भाद्रपदापर्यंत ते उशा, सोफा, पडदे, रेनकोटाचे अस्तर आणि रोजच्या वापरातले सुती कपडे यांच्यावर मारून पाहिले.

पहिला प्रकार खाण्याच्या सोड्याचा, म्हणजे जो सर्वांत आधी सुचवला जातो तोच. घामाच्या वासात आम्लधर्मी द्रव्ये असतात आणि सोडा सौम्य अल्कधर्मी असल्यामुळे तो ती मारतो, हे खरेच आहे. घामट सदऱ्याच्या काखेत मारल्यावर फरक जाणवला. परंतु पाणी उडून जाते आणि सोडा मागे राहतो, हे मी विसरले होते. अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे सोडा विरघळवून गडद निळ्या कुर्त्यावर मारला, आणि तो वाळल्यावर खांद्यापासून बाहीपर्यंत पांढरे बारीक ठिपके उमटले, जणू कोणी रांगोळी चाळताना जवळ उभे होते. ते झटकून जाईनात, शेवटी कुर्ता पुन्हा धुवावा लागला. याच फवाऱ्यात व्हिनेगरही घालण्याचा सल्ला अनेक जण देतात. त्याने बाटलीत फेस उसळतो आणि फार काहीतरी घडत असल्याचा भास होतो, पण दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात आणि उरते ते जवळजवळ मिठाचे पाणी. सोडा कोरडाच बरा: गादीवर भुरभुरावा, तासाभराने व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावा.

दुसरा प्रकार पाण्यात फॅब्रिक कंडिशनर मिसळण्याचा. तो सोपा आणि स्वस्त आहे, पण मला मुळीच पटला नाही. सुगंध डोक्यात जाण्याइतका उग्र होता, सोफ्याचे हात किंचित चिकट झाले, आणि हा फवारा नेमाने मारलेले टॉवेल पाणी नीट टिपेनासे झाले, कारण कंडिशनर धाग्यांवर स्निग्ध थर चढवतो.

तिसरा, स्पिरिटचा फवारा मात्र आमच्या घरात टिकला. सुरुवातीला मी केमिस्टकडून सर्जिकल स्पिरिट आणले आणि उशीला दवाखान्याचा वास लावून बसले. दुसऱ्या वेळी हात निर्जंतुक करण्यासाठी वापरतात ते सत्तर टक्क्यांचे, बिनवासाचे आयसोप्रोपिल अल्कोहोल मागून घेतले. त्याचाही एक तीक्ष्ण वास असतो, पण तो काही मिनिटांत उडून जातो. माझे प्रमाण असे ठरले: २०० मिलीच्या काचेच्या स्प्रे-बाटलीत १३० मिली स्पिरिट, ७० मिली डिस्टिल्ड पाणी, म्हणजे गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळते तेच, आणि सुगंधी तेलाचे दहा थेंब. येथे क्रम महत्त्वाचा आहे. तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते आधी स्पिरिटमध्ये घालून बाटली चांगली हलवावी आणि पाणी सर्वांत शेवटी ओतावे. पाणी पडताच मिश्रण थोडे दुधाळ होते, त्याने घाबरण्याचे कारण नाही. मारण्यापूर्वी दर वेळी बाटली हलवली की पुरते.

तेलांपैकी गवती चहाचे तेल मारताक्षणी फार प्रसन्न वाटते, पण संध्याकाळपर्यंत त्याचा मागमूस उरत नाही. वाळ्याचे तेल याच्या उलट: सुरुवातीला जड, मातकट, आणि मग दोन-दोन दिवस अभ्र्याला माठातल्या पाण्याचा थंड वास देत राहणारे. ते महाग आहे आणि रंगाने तपकिरी असल्यामुळे एका पांढऱ्या अभ्र्यावर त्याने फिकट डागही पाडला, तरी माझी पसंती त्यालाच आहे. गवती चहाची पहिली बाटली मी एका ऑनलाइन दुकानातून मागवली होती आणि तिच्यावर ‘शंभर टक्के शुद्ध’ असे ठळक छापलेले होते. टिपकागदावर एक थेंब टाकून ठेवला, तर दुसऱ्या दिवशीही तेथे तेलकट वर्तुळ तसेच होते. हे तेल शुद्ध असते तर बहुतेक उडून जायला हवे होते. तक्रारीला उत्तर आले नाही. ते तेल कपड्यांवर मारण्याचे धाडस मी केले नाही.

तयार फवाऱ्याशी तुलना केल्यास घरचा फवारा एका बाबतीत सरळ हरतो. अमेरिकेत १९९८ साली देशभर विक्रीला आलेल्या फेब्रीझसारख्या उत्पादनांत पिष्टापासून बनवलेले सायक्लोडेक्स्ट्रिन असते. त्याचा रेणू कड्यासारखा असून वासाचे कण त्याच्या पोकळीत अडकून बसतात. आपल्या बाटलीत तसे काही नसते. त्यामुळे सुरमई तळल्यावर स्वयंपाकघराच्या पडद्यांना बसलेला वास वाळ्याने जेमतेम तासभर झाकला आणि नंतर वाळा व सुरमई दोन्ही दरवळू लागले. बुरशीचे काळे ठिपकेही या फवाऱ्याने जात नाहीत, कारण पाणी मिसळल्यावर स्पिरिटची जंतू मारण्याची ताकद बरीच घटते. नुसत्या दमटपणाच्या वासावर, उशांवर आणि दिवसभर अंगावर राहिलेल्या सुती कपड्यांवर मात्र तो तयार फवाऱ्याच्या तोडीचा वाटला.

स्पिरिट पेट घेते, त्यामुळे गरम इस्त्री, निरांजन किंवा अगरबत्ती जवळ असताना हा फवारा मारू नये, आणि कपडा पूर्ण वाळेपर्यंत इस्त्रीही करू नये. रेशमावर पाण्याचेदेखील डाग पडतात, म्हणून पैठणीच्या आसपास मी बाटली नेलीच नाही. घरात मांजर असल्यास सुगंधी तेले टाळावीत. त्यांतील काही, विशेषतः टी ट्री, मांजरांना विषारी ठरतात. नवीन कपड्यावर आधी शिवणीच्या आतल्या बाजूला एक फवारा मारून वाळू द्यावा.

एक बाटली आम्हाला सुमारे तीन आठवडे पुरली. उशीला हातभर अंतरावरून तीन फवारे बास होतात, त्याहून जास्त मारल्यास कापड ओले होते आणि ज्या दमटपणासाठी हा खटाटोप केला तोच पुन्हा आत शिरतो. रेनकोटाच्या अस्तरावर मारल्यानंतर तो लगेच खुंटीला न अडकवता पंख्याखाली पंधरा मिनिटे उलटा टांगावा लागतो. आमच्याकडे ते काम अजून कोणी आपणहून करत नाही.