जुनी काळी सायकल: विलायती रॅले घ्यावी की देशी हर्क्युलिस?

जुनी सायकल घ्यायचं मनात आलं की पहिला सल्ला मिळतो तो सायकलीचा नव्हे, पुढच्या बिल्ल्याचा. "रॅले नाहीतर हंबर मिळाली तरच घ्या." सांगणाऱ्याची स्वतःची हंबर बहुधा दिवाणखान्यात उभी असते, टायरला धुळीचा कण नाही. त्याच्या लेखी हर्क्युलिस, अ‍ॅटलास म्हणजे दूधवाल्याच्या सायकली. आता दूधवाल्याने दोन्ही बाजूंना किटल्या लटकवून वीस वर्षं हाणलेली सायकल मजबूत असणार, हे कुणी सांगायला हवं का?

बरं, या घराणेशाहीचा इतिहासही पोकळ आहे. हंबरचा सायकलधंदा रॅलेने 1932 मध्येच घेतला आणि रज (Rudge) ही आणखी एक विलायती सायकल 1943 मध्ये. त्यामुळे "रॅलेपेक्षा हंबर वरची" हा वाद म्हणजे एकाच घरातल्या दोन भावांची भांडणं. हंबरचा दुहेरी नळ्यांचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, देखणा असतो, ते मान्य. आणि हर्क्युलिस तरी कुठली? जन्म बर्मिंगहॅमचा, 1910 सालचा. तिकडेही ती परवडणारी सायकल म्हणूनच खपली. मद्रासच्या कारखान्याची सुरुवात 1949 ची. तिथे बनायला लागली आणि इथल्या शौकिनांच्या नजरेतून उतरली.

रोजच्या वापरात खरा फरक पडतो तो गियरने. विलायती सायकलीच्या मागच्या चाकात स्टर्मी-आर्चर या इंग्लिश कंपनीचा तीन गियरचा हब (चाकाच्या मधला, गियर पोटात असलेला तुंबा) असेल तर ती वेगळीच चीज आहे. पहिला गियर मधल्यापेक्षा 25 टक्के हलका, तिसरा 33 टक्के जड. पुण्याच्या चांदणी चौकाच्या चढावर हा फरक मांड्यांना कळतो. तार ढिली असली तर मात्र दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये पायडल एकदम पोकळ फिरतं आणि उभं राहून मारत असाल तर नळीवर आदळता. एकदाच आदळलो, तेवढं पुरलं.

बिनगियरची रॅले असेल, आणि आपल्याकडे तशा भरपूर आहेत, तर जास्तीचे पैसे फक्त बिल्ल्याचे आणि चेनव्हीलमधल्या (पायडलजवळच्या दातेरी चाकातल्या) कोरीव बगळ्यांचे. तारेऐवजी सळ्यांनी ओढले जाणारे रॉड ब्रेक दोघींचे तसेच. पावसात ओल्या स्टीलच्या रिमवर दोघीही तुमचं ऐकत नाहीत. वजन दोघींचं 20 किलोच्या आसपास. 28 इंची टायर-ट्यूब कुठल्याही पेठेत मिळते, त्यामुळे "विलायतीला टायर मिळत नाहीत" ही भीती फुकाची. अडतं ते दोन्ही पायडलांच्या दांड्या जोडणाऱ्या, फ्रेममधल्या अ‍ॅक्सलपाशी. नॉटिंगहॅमच्या रॅलेचे आटे इंचाला 26, इतर सायकलींचे सर्वसाधारणपणे 24. तिथला कप (अ‍ॅक्सलचे छर्रे धरणारी, आट्यांनी बसणारी वाटी) झिजला आणि मेकॅनिकने देशी कप जोर लावून बसवला, की फ्रेमचे आटे गेलेच म्हणून समजा. हर्क्युलिस किंवा अ‍ॅटलासचा कप, कॉटर (पायडलची दांडी अ‍ॅक्सलवर पक्की करणारी खीळ), फ्रीव्हील कोपऱ्यावरच्या दुकानात डब्यात पडलेलं असतं.

विलायतीच घ्यायची असेल तर रॉकेलचा बोळा खिशात ठेवा. जुन्या बाजारात एका रविवारी "इंग्लंड मेड, ओरिजिनल" म्हणून एक रॅले समोर आली. बिल्ला असा लखलखीत, जणू काल ठोकलाय. मागच्या हबवरची काजळी पुसत गेलो. खऱ्या स्टर्मी-आर्चरवर साल-महिना कोरलेला असतो, म्हणजे 62 आणि 4 असेल तर एप्रिल 1962. इथे काजळीखाली नुसता गुळगुळीत लोखंडी नळकांडा. विक्रेता गालात हसला आणि म्हणाला, "साहेब, चाक बदललंय फक्त." असेलही. चाकं बदलतात, म्हणून हबच्या तारखेवरूनही सायकलीची तारीख छातीठोक सांगता येत नाही. रॅलेचा एक अवतार आसनसोलला सेन-रॅलेच्या कारखान्यातही बनायचा. ती वाईट नव्हे, फक्त विलायतीच्या भावाने घेऊ नका.

आठवणींचा भाव मात्र देशी सायकलींनाही चढलाय. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला आणि गंजक्या अ‍ॅटलाससुद्धा "अँटिक" झाल्या. मीही त्यातलाच. वडिलांच्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल शिकलो, त्यामुळे काळी अ‍ॅटलास दिसली की हात खिशाकडे जातो. पण त्या सायकलीवर दिवा नसल्याचा दंड आणि पावसात न लागलेले ब्रेकही होते, ते सोयीस्कर विसरलं जातं.

तर रोज भाजी, बँक, टेकडी करायची असेल तर डोळे मिटून देशी घ्या आणि वाचलेल्या पैशात चांगलं सीट बसवा. शनिवार-रविवार हात काळे करायची हौस असेल आणि गियरचा खरा हब मिळत असेल, तर विलायती. दोन्हींत उंची बघाच. पाच फूट पाचच्या खाली असाल तर 24 इंची फ्रेम कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा आणि 22 इंची शोधा. सिग्नलला पाय टेकला पाहिजे.