दहा हजारांचं टॉनिक आणि कमरेएवढा झेंडू

दहा हजार गेले. फवारणीची मजुरी धरली तर तेरा हजार. लिहायची लाज वाटते, कारण मी काही काल शेतीत आलेलो नाही, अकरा वर्षं झेंडू करतोय. पण दसऱ्याच्या तोंडावर असलं फुलांचं टॉनिक विकणारी माणसं गावोगाव फिरतात, म्हणून लिहितोय.

यंदा तीस गुंठे कलकत्ता झेंडू होता. शेंडे खुडून झालेले, फुटवा जोमात. अशात गाडीतून दोन पोरं आली. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. गळ्यात ओळखपत्र, तोंडात ‘काका काका’, मोबाईलमध्ये कुठल्या तरी मळ्याचे फोटो. पानांवर मारायचं फुलांचं टॉनिक, अर्ध्या लिटरची बाटली 1,350 ला. "आधी दोन सऱ्या फुकट मारून देतो काका, आठ दिवसांनी बघा, मगच पैसे." आता यात नको कशाला म्हणायचं?

आठ दिवसांत त्या सऱ्या वीतभर वर गेल्या. मी खूश. बायको बांधावरूनच म्हणाली, "अहो, नुसती पेरं लांबलीत. कळी कुठाय?" इथंच, अगदी इथंच कळायला हवं होतं. खोड बारीक, पानांचा रंग उतरलेला, सगळं डोळ्यांसमोर होतं. मी काय म्हणालो? "तुला काय कळतंय त्यातलं." आणि आठ बाटल्या घेतल्या. 10,800 झाले, त्यानं 800 सोडले, त्याचाही मला आनंद! 6,000 फोनवरून, 4,000 रोख. बिल म्हणून वहीचा कागद, त्यावर ‘शेती साहित्य’.

पहिला पंप भरताना ओल्या अंगठ्याखाली लेबल सरकलं. खाली दुसरं लेबल, त्यावर वांग्याचं चित्र. तरी मारलं. पैसे देऊन बसलेला माणूस आणखी काय करणार?

तीन फवारण्या झाल्या. दसऱ्याला झाडं कमरेएवढी, वाऱ्यानं लोळलेली, आणि फुलं म्हणाल तर तीन क्रेट. कडेच्या चार सऱ्यांना औषध पुरलं नव्हतं, तेवढ्याच भरल्या. नाशिककडचा मेव्हणा द्राक्षवाला. फोटो बघून म्हणाला, "दाजी, हे जीए मारल्यासारखं दिसतंय. आम्ही घड लांबवायला मारतो." म्हणजे जिबरेलिक आम्ल. ते झाड ताणतं, त्यानं झाडाचं पोट भरत नाही. पानांवरून द्यायचंच तर पंधरा लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम 19:19:19 हे विद्राव्य खत पुरतं, आणि ती पुडी माझ्या घरात पडून होती! तेही उन्हाच्या तडाख्यात मारू नका, पानं करपतात. आणि जमिनीत खत नसेल तर वरून कितीही शिंपडा, उपयोग नाही.

आता सरकारी कारभार ऐका. तालुक्याला कृषी कार्यालयात गेलो. "सीलबंद बाटली आहे?" नाही, सगळ्या फोडल्या. "मग नमुना कसा घेणार? पक्कं बिल?" नाही. "मग पंचायत समितीत जा." तिथले साहेब मीटिंगला. दुसऱ्यांदा गेलो, दौऱ्यावर. तिसऱ्यांदा भेटले आणि मलाच विचारलं, "परवाना नसलेल्याकडून घेतलंच कशाला?" अहो, खत नियंत्रण आदेश 1985 चा, 2021 पासून जैव-उत्तेजकं, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारी टॉनिकंही त्यात आली, मग विनापरवाना विकणाऱ्याला धरायचं कुणी, मी? पोलीस म्हणाले, हे दिवाणी आहे. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या 1930 नंबरला फोन केला, तर पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत म्हणाले. स्वतःहून! फसवणूक दुसरी कशी होते?

एक बाटली न फोडता ठेवा, निदान. लेबलवर घटकांचं प्रमाण, बॅच आणि परवाना नंबर नसेल तर पोराला चहासुद्धा पाजू नका. गावात आणखी चौघांनी घेतलंय, पण ते तोंड उघडत नाहीत. उघडा, नाहीतर माझ्या एकट्याचा अर्ज तसाच धूळ खाईल. अर्जाची पोच मागितली तर कारकून म्हणाला, शिक्का साहेबांच्या कपाटात आहे, सोमवारी या. तीन सोमवार झाले.