दादरचा स्पॅनिश वर्ग आणि ‘गुस्तार’ची गोष्ट

दादर पश्चिमेला दर रविवारी सकाळी भरणाऱ्या एका छोट्या स्पॅनिश वर्गाला मी तीन महिने गेले. नवशिक्यांच्या या अभ्यासक्रमात वर्तमानकाळातील क्रियापदे चालवण्यावर मुख्य भर आहे आणि त्यातही ‘गुस्तार’, म्हणजे ‘आवडणे’, हे क्रियापद जसे शिकवले गेले, केवळ तेवढ्यासाठीही मी या वर्गाची शिफारस करीन.

‘आब्लार’ म्हणजे बोलणे. त्याची ‘आब्लो, आब्लास, आब्ला’ ही रूपे पाठांतराने जमतात, शिवाय आपल्या ‘बोलतो-बोलते’सारखा लिंगभेदही तिथे नाही. गाडी अडते ती ‘गुस्तार’पाशी. माझ्याजवळच्या इंग्रजी पुस्तकात ‘आंबा मला सुखावतो’ अशा वळणाने त्याचा अर्थ दिला होता आणि तो वाचून मी अधिकच गोंधळले होते. बाईंनी फळ्यावर ‘मे गुस्ता एल मांगो’ असे लिहिले, त्याखाली ‘मला आंबा आवडतो’ लिहिले आणि ‘मे’पासून ‘मला’पर्यंत एक बाण काढला. मग ‘मे गुस्तान लोस मांगोस’, ‘मला आंबे आवडतात’. दोन्ही भाषांत क्रियापद आंब्याच्या वचनाप्रमाणे बदलते, ज्याला तो आवडतो त्याच्याप्रमाणे नाही. वाचायला आणि लिहायला अशा दोन गोष्टी आवडत असल्या, तरी ‘मे गुस्ता लेएर इ एस्क्रिबिर’ असे एकवचनच राहते. आपणही तिथे ‘आवडते’च म्हणतो. जे मला परके वाटत होते, ते रोज माझ्या तोंडी होते, हे त्या सकाळी कळले आणि मनापासून आनंद झाला.

एक उणीव मात्र खटकली. ‘माझ्या आईला आंबा आवडतो’ हे ‘आ मी माद्रे ले गुस्ता एल मांगो’ असे होते. ‘आईला’ आधीच आलेले असूनही ‘ले’, म्हणजे ‘तिला’, पुन्हा घालावे लागते. मराठीचा आधार इथे सुटतो आणि नेमक्या याच जागी वर्गात घाई झाली. शेवटच्या चाचणीत मी तीन वाक्यांत ‘ले’ विसरले. स्पेनमध्ये ‘तुम्ही सगळे’साठी चालणारी ‘बोसोत्रोस’ची रूपेही छापील तक्त्यात नव्हती.

पुढच्या पातळीसाठी मी नाव नोंदवले आहे आणि पहिल्याच रविवारी ‘ले’चा सराव पुन्हा घ्यावा, अशी विनंती बाईंना केली आहे.