ट्रॅश आपोआप रिकामा होत होता: फोनवर थंडरबर्ड काही महिने वापरल्यानंतर

अँड्रॉइड फोनवर थंडरबर्ड हे मेलचं ॲप मी गेल्या पावसाळ्यापासून वापरतेय. त्याआधी फोनबरोबर आलेलंच ॲप होतं. बदलायचं कारण एकच होतं: डिलीट केलेले मेल ज्या फोल्डरमध्ये जातात तो ट्रॅश आपोआप रिकामा व्हायचा. आधीच सांगते, नवीन ॲप टाकल्यामुळे हा त्रास थांबला नाही. पण तो नेमका कुठून होतोय हे शोधून काढायला याच ॲपचा उपयोग झाला. तुमच्याही फोनवर असं होत असेल तर ॲप बदलण्याआधी हे वाचा.

आमचं काम नारायण पेठेत, डीटीपी आणि छपाईचं. पुस्तकं, संस्थांचे अहवाल, पत्रिका, आणि श्रावण लागला की दिवाळी अंक. प्रूफ मेलने जातं, दुरुस्त्या मेलनेच येतात. नवं प्रूफ आलं की आधीच्याचा मेल लगेच डिलीट करायचा ही आमच्याकडची शिस्त, आणि ती मला आजही बरोबर वाटते. एकाच लेखाच्या तीन पीडीएफ इनबॉक्समध्ये पडून राहिल्या तर कधी ना कधी जुनीच फाईल प्लेटला जाते, आणि मग अख्खा फर्मा, म्हणजे एकत्र छापलेल्या पानांचा संच, वाया. पण डिलीट केलेलं प्रूफ पुढचे दोन-तीन आठवडे लागू शकतं. लेखक म्हणतात, "हा परिच्छेद मी काढायला सांगितलाच नव्हता." अशा वेळी त्यांनीच लाल रंगात खुणा केलेलं पान उघडून दाखवलं की विषय तिथेच मिटतो. ते पान ट्रॅशमध्ये असायला हवं. ते नसायचं.

ऑफिसचा मेल पत्ता आमच्या स्वतःच्या डोमेनवर आहे आणि तो तीन ठिकाणी जोडलेला: ऑफिसमधला कॉम्प्युटर, जिथे डीटीपी करणाऱ्या ताई बसतात, माझा फोन, आणि डिलिव्हरी बघणाऱ्या पुतण्याचा फोन. शिवाय एक जुना जीमेलचा पत्ता, जो काही ग्राहकांनी अजून सोडलेला नाही.

इथे आयमॅप (IMAP), म्हणजे एकच मेल पत्ता अनेक डिव्हाइसवर वाचायची पद्धत, कसं चालतं ते समजून घेणं गरजेचं आहे, कारण सगळी गोम तिथेच आहे. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवर, म्हणजे मेल देणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर, राहतात आणि प्रत्येक डिव्हाइस त्याच फोल्डरकडे बघत असतं. फोनचा ट्रॅश वेगळा, कॉम्प्युटरचा वेगळा, असं नसतं. एक टाकी आणि तीन नळ. कुठलाही नळ उघडा राहिला तरी रिकामी होते ती टाकीच. म्हणजे तीनपैकी ज्या डिव्हाइसवर सगळ्यात कडक नियम लावलेला असेल, तोच तिघांना लागू होतो. आणि मेल गेलेले दिसतात हातातल्या फोनवर, म्हणून संशय फोनवर येतो.

ही पद्धत १९८६ मध्ये मार्क क्रिस्पिन यांनी आखली. तिच्यात डिलीट करणं दोन टप्प्यांत होतं: आधी मेलवर 'डिलीटेड' अशी खूण पडते, मग 'एक्सपंज' अशी आज्ञा गेली की तो कायमचा पुसला जातो. ट्रॅश फोल्डर हा मेल वाचणाऱ्या प्रोग्रॅम्सनी नंतर पाडलेला प्रघात आहे. कुठल्या फोल्डरला ट्रॅश समजायचं हे सर्व्हरने ॲपला कसं कळवावं याचं प्रमाण २०११ मध्ये ठरलं, आणि सगळेच सर्व्हर ते नीट पाळतात असं नाही. यातून काय घोळ होतो ते पुढे येईलच.

थंडरबर्डचं अँड्रॉइड ॲप ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं. ते अगदी कोरं नाही. के-नाइन मेल नावाचं जुनं, भरवशाचं ॲप २०२२ मध्ये थंडरबर्डच्या प्रकल्पात सामील झालं, त्याच्यावरच हे उभं आहे. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. दिसायला साधं. पण सेटिंग्जमध्ये शिरलात की कळतं, बाकीची ॲप्स जे ठरवून टाकतात ते इथे तुम्हाला विचारलं जातं.

मला कामाला आलं ते एक सेटिंग: सर्व्हरवर मेल डिलीट झाला तर फोनवरूनही काढायचा की नाही. इंग्रजीत ते 'सिंक सर्व्हर डिलीशन्स' या नावाने, खात्याच्या सेटिंग्जमध्ये मेल आणण्यासंबंधीच्या भागात आहे. मी ते बंद केलं. आता सर्व्हरवरून मेल गेला तरी माझ्या फोनवरच्या यादीत तो तसाच राहणार. फोनच्याच ब्राउझरमध्ये वेबमेल उघडून ठेवलं. एकाच ट्रॅशची दोन चित्रं शेजारी शेजारी: एक सर्व्हरचं खरं, एक फोनने धरून ठेवलेलं. फोनवर आहे पण वेबमेलमध्ये नाही, म्हणजे मेल सर्व्हरवर पुसला गेलाय आणि पुसणारा माझा फोन नाही. इतका सरळ पुरावा मला आधीच्या ॲपमध्ये मिळणं शक्यच नव्हतं.

मग स्वतःलाच मेल पाठवले. विषयात त्या दिवसाची तारीख घातली, आले की डिलीट केले, आणि कुठला कधी जातो ते बघत राहिले. दुसऱ्याच दिवशी सकाळी वेबमेलचा ट्रॅश कोरा होता. तिसऱ्या दिवशीही तेच. पण एका गुरुवारी दुपारी दुरुस्तीसाठी वीज गेली, युपीएसने थोडा वेळ दम धरला आणि ऑफिसचा कॉम्प्युटर धाडकन बंद पडला. त्या दिवशी ताई लवकर घरी गेल्या. शुक्रवारी सकाळी गुरुवारचे मेल ट्रॅशमध्ये शाबूत!

तिथे धागा सापडला. शुक्रवारी संध्याकाळी ताई आवरायला लागल्या तेव्हा मी त्यांच्या खुर्चीमागे फोन घेऊन उभी राहिले. वेबमेलचा ट्रॅश उघडा होता, गुरुवारचे आणि त्या दिवशीचे मेल ओळीने दिसत होते. ताईंनी मेलचा प्रोग्रॅम बंद केला. खाली कोपऱ्यात एक पट्टी क्षणभर सरकली. मी वेबमेल रिफ्रेश केलं: फोल्डर रिकामा. थंडरबर्डमध्ये तेच मेल अजून जसेच्या तसे. "अहो, मी तर काहीच दाबलं नाही," ताई म्हणाल्या, आणि खरंच त्यांनी काही दाबलं नव्हतं. प्रोग्रॅम बंद करताना ट्रॅश रिकामा करायचा, अशी खूण कॉम्प्युटर बसवून देणाऱ्याने कधीतरी करून ठेवली होती. वीज गेल्यावर प्रोग्रॅम रीतसर बंदच झाला नाही, म्हणून गुरुवारचे मेल वाचले.

हा पर्याय बऱ्याच प्रोग्रॅम्समध्ये असतो. कॉम्प्युटरवरच्या थंडरबर्डमध्ये खात्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये 'एम्प्टी ट्रॅश ऑन एक्झिट' आहे. आउटलुकमध्ये ऑप्शन्समधल्या ॲडव्हान्स्ड पानावर 'डिलीटेड आयटम्स' बंद करताना रिकामं करायची चौकट आहे. राउंडक्यूब या वेबमेलमध्येही लॉगआउट करताना ट्रॅश साफ करायची सोय आहे. म्हणजे ज्या वेबमेलवर विसंबून तुम्ही तपासणी करताय, तेही एकदा तपासून घ्या.

ती खूण काढली आणि ट्रॅशमध्ये मेल साठायला लागले. पण आठवडाभरच. सर्वात जुना मेल कायम साधारण सात दिवसांपूर्वीचा. पुढच्या दिवशी बघावं तर शेपटीकडून एक दिवस आणखी तुटलेला. माझा पहिला संशय परत कॉम्प्युटरवरच होता. तो फिटला विसर्जनात. लक्ष्मी रस्ता आणि केळकर रस्ता मिरवणुकीसाठी बंद, पेठेत ऑफिस उघडण्याचा प्रश्नच नव्हता, कॉम्प्युटर दोन्ही दिवस बंद. तरीही ट्रॅशची शेपटी रोज तुटतच होती. उरला पुतण्याचा फोन. त्याच्या मेल ॲपमध्ये, खात्याच्या आत तीन पानं खोल, 'डिलीट केलेले मेल काढून टाका: एका आठवड्यानंतर' असं निवडलेलं सापडलं. "काकू, माझ्या फोनवर जागा कमी होती ना," तो म्हणाला. जागा त्याच्या फोनवर कमी होती आणि मेल सर्व्हरवरचे जात होते. असं सेटिंग आयफोनच्या मेलमध्येही आहे: खात्याच्या ॲडव्हान्स्ड पानावर 'रिमूव्ह' या नावाने, एक दिवस, एक आठवडा, एक महिना किंवा कधीच नाही. घरात किंवा ऑफिसात कुणाकडेही तोच पत्ता जोडलेला असेल तर हे पान आधी उघडा.

या सगळ्यातून एक गोष्ट मला पक्की कळली, ती म्हणजे ट्रॅशमधल्या सर्वात जुन्या मेलची तारीख पाहायची. रोज संध्याकाळी सगळंच जात असेल तर बहुतेक बंद करताना रिकामं करणारा प्रोग्रॅम आहे. सात दिवसांवर कापलं जात असेल तर एखाद्या फोनचं किंवा सेवेचं सेटिंग. बरोबर तीस दिवसांवर असेल तर बहुधा मेल देणाऱ्या कंपनीचाच नियम, आणि तिथे शोधाशोध करून उपयोग नाही. जीमेलमध्ये ट्रॅशमध्ये गेल्यापासून ३० दिवसांनी मेल कायमचा जातो, आउटलुक डॉट कॉम आणि आयक्लाउडचाही हिशेब ३० दिवसांचाच. आमच्या जुन्या जीमेल पत्त्यावर तेच होत होतं. तिथे मी हात लावला नाही. मात्र दिवस मोजायची पद्धत सगळीकडे सारखी नसते. काही प्रोग्रॅम डिलीट केल्याची नव्हे, मूळ मेलची तारीख धरतात. तिथे मागच्या वर्षीचं प्रूफ आज डिलीट केलं तर ते पुढच्या सफाईतच जातं.

आता फोल्डरच्या नावांचा घोळ. वेबमेलमध्ये आमच्याकडे 'ट्रॅश', 'डिलीटेड आयटम्स' आणि 'डिलीटेड मेसेजेस' असे तीन फोल्डर निघाले, कारण प्रत्येक प्रोग्रॅमने आपापला बनवला होता. पुतण्याने डिलीट केलेले मेल एका फोल्डरमध्ये, माझे दुसऱ्यात. त्यातले काही हरवलेले मेल चक्क तिथेच होते. थंडरबर्डमध्ये कुठला फोल्डर ट्रॅश म्हणून धरायचा ते खात्याच्या सेटिंग्जमध्ये निवडता येतं. तिन्ही डिव्हाइसवर मी एकच फोल्डर लावून दिला. एक धोका इथे ठळकपणे सांगायला हवा: सर्व्हरने ट्रॅश कुठला ते कळवलं नाही तर ॲपमध्ये तिथे 'नन' (None), म्हणजे कुठलाच फोल्डर नाही, असं राहू शकतं, आणि मग डिलीट केलेला मेल कुठेही न थांबता थेट पुसला जातो. नवीन खातं जोडलं की पहिल्यांदा ही जागा बघा.

रोजच्या वापरात ॲप कसं आहे? सगळ्या खात्यांचा एकत्र इनबॉक्स छान चालतो. स्वाइप केल्यावर काय व्हावं ते आपण ठरवू शकतो, आणि डिलीट करताना 'नक्की का?' असं विचारायला लावता येतं; गर्दीच्या बसमध्ये मेल बघणाऱ्याला ते हवंच. नावडलेली गोष्ट म्हणजे मेल वेळेवर येणं फोनच्या बॅटरीच्या सेटिंगवर फार अवलंबून आहे. बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करेपर्यंत मला प्रूफचे मेल उशिरा दिसत होते. ऐन दिवाळी अंकाच्या घाईत ते परवडत नाही, आणि ॲपने हे अधिक स्पष्ट सांगायला हवं. दुसरं, फोल्डरमध्ये किती मेल दाखवायचे याला मर्यादा असते. त्यामागचे मेल यादीत दिसत नाहीत, म्हणून ते गेले असं वाटतं. खाली जाऊन आणखी मेल मागवले की येतात. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: मोठी अटॅचमेंट तुम्ही बोट लावेपर्यंत फोनवर उतरतच नाही. मी डिलीशन्सचं सिंक बंद ठेवलं होतं तेव्हा यादीत मेल दिसायचे, पण सर्व्हरवरून गेलेल्या प्रूफची पीडीएफ काही उघडायची नाही. ते सेटिंग तपासणीपुरतं चांगलं, बॅकअप म्हणून त्याचा भरवसा धरू नका. काम झाल्यावर मी ते परत चालू केलं.

जुन्या प्रुफांसाठी आता आम्ही डिलीट वापरत नाही. उजवीकडे स्वाइप केलं की मेल अर्काइव्हमध्ये जातो. इनबॉक्स तितकाच स्वच्छ राहतो आणि कुणाचा कुठलाही सफाईचा नियम अर्काइव्हला लागत नाही. अंक छापून झाला की ताई त्या अंकाचे मेल पीडीएफसकट हार्ड डिस्कवर उतरवतात आणि मग अर्काइव्ह मोकळा करतात, कारण सर्व्हरवरची जागा आम्हाला मोजूनच मिळालेली आहे.

तुमचे मेल आजच गेले असतील आणि लगेच हवे असतील तर वेळ घालवू नका. आउटलुक डॉट कॉममध्ये डिलीटेड आयटम्स उघडून 'रिकव्हर' म्हणता येतं. ऑफिसचा पत्ता गूगल वर्कस्पेसवर असेल तर कायमचा डिलीट झाल्यापासून २५ दिवसांच्या आत ॲडमिन तो परत आणू शकतो. स्वतःच्या डोमेनवर असाल तर होस्टिंगवाल्याला फोन करून कालचा बॅकअप आहे का ते विचारा, आणि आजच विचारा, कारण नवा बॅकअप जुन्यावर चढतो. यातलं काहीच जमलं नाही तर ज्यांनी मेल पाठवला त्यांना त्यांचा सेंट फोल्डर उघडायला सांगा. आमचं एका अंकाचं खुणा केलेलं प्रूफ शेवटी लेखकांच्याच सेंटमधून परत आलं. त्यांनी ते लगेच पाठवलं, आणि वादातला परिच्छेदही त्यांनीच पुन्हा वाचून पाहिला.