बोटीचं इंजेक्शन काढून कार्बोरेटर बसवला: एका मोसमाचा अनुभव

बोट एकवीस फुटी, फायबरची, सेकंडहँड. इंजिन 4.3 लिटरचं व्ही-6, पेट्रोलवर चालणारं, आत बसवलेलं, मागे स्टर्नड्राइव्ह (बोटीच्या मागे पंखा फिरवणारं युनिट). घेतली तेव्हा इंजिन मल्टिपॉइंट इंजेक्शनचं होतं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पेटी ठरवेल तेवढं पेट्रोल प्रत्येक सिलेंडरपाशी फवारलं जायचं. गेल्या गणपतीनंतर त्यावर कार्बोरेटर चढवला आणि नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या धक्क्यावरून बोट पुन्हा पाण्यात सोडली. आता मे सरत आलाय, पाऊस लागायच्या आत बोट वर काढायची आहे. म्हणजे एक अख्खा मोसम वापरून झाला. हे करावं का, असं धक्क्यावर बरेच जण विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

मत आधीच सांगतो. कार्बोरेटर इंजेक्शनपेक्षा सरस नाही. तो पेट्रोल जास्त पितो, वास मारतो, आणि सकाळी गार इंजिनाला थोडा वेळ सांभाळून घ्यावं लागतं. तरी मी समाधानी आहे, कारण तो अडला तर खाडीच्या मधोमध, पाना आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन मला त्याचं काहीतरी करता येतं. इंजेक्शन अडलं की मी फक्त नांगर टाकू शकत होतो.

त्रास दोन प्रकारचा होता. गार इंजिन एका किल्लीत सुरू व्हायचं. पण घारापुरीला तासभर थांबलो की परत निघताना रडकथा. बंद केलेल्या इंजिनाची उष्णता हॅचखाली (इंजिनावरच्या झाकणाखाली) कोंडते, पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला पेट्रोलची वाफ होते, आणि पंप ती वाफच ढवळत बसतो. दुसरा प्रकार जास्त वाईट. धक्क्याला लागताना न्यूट्रलला आणलं की इंजिन गप्प. वाशीच्या पुलाजवळ उधाणाची ओहोटी जोरात असताना हेच झालं, तेव्हा नांगराने चिखल धरला म्हणून बोट खांबावर गेली नाही. घरची माणसं सोबत होती. तिथून मी या गोष्टीच्या मागेच लागलो.

लगेच काही काढून फेकलं नाही, हे मुद्दाम सांगतो. पुष्कळदा दोष इंजेक्शनचा नसतोच. पेट्रोलच्या दाबाला गेज लावला. या इंजिनाला 43 पीएसआयच्या आसपास दाब लागतो. गार असताना मिळायचा, तापल्यावर पडायचा. पंप बदलला, पाणी वेगळं करणारा फिल्टर बदलला, टाकीवरचा अँटी-सायफन व्हॉल्व्ह (नळी फुटली तर टाकीतलं पेट्रोल आपोआप वाहू न देणारा) साफ केला. तापल्यावरचा त्रास बराच कमी झाला. न्यूट्रलला बंद पडणं मात्र जाईना. आयडलची, म्हणजे इंजिन मंद चालतानाची, हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह कार्बनने भरला होता, तो धुतला, मग नवा टाकला. बॅटरीपासून ब्लॉकपर्यंतच्या सगळ्या अर्थिंग घासून पुन्हा आवळल्या. कनेक्टर उघडले तर पिना हिरव्या पडलेल्या. खाऱ्या हवेत तांब्याचं असंच होतं, आणि एका वायरिंगमध्ये असे जोड किती असतात ते उघडल्यावरच कळतं. साफ केल्यावर थोडे दिवस बरं चालायचं आणि पुन्हा तेच. शेवटी संशय कंट्रोल युनिटवर, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीवर आला. त्या मॉडेलचं युनिट आता नवीन मिळत नाही, जुनं मागवलं तर ते किती टिकेल याची हमी कोणी देत नाही, आणि त्याच्याशी बोलणारा स्कॅनर आमच्या ओळखीच्या कुणाकडेच नव्हता.

आमचा मिस्त्री डिझेलच्या मच्छीमार बोटींवर हयात घालवलेला माणूस. तो म्हणाला, "भाऊ, पेट्रोल येतंय का आणि ठिणगी पडतेय का, एवढं मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. या पेटीत मला काही दिसत नाही." मला ते पटलं.

आता कामाचं. कार्बोरेटर म्हणजे वरून एक डबा बसवायचा, असं वाटत असेल तर थांबा. पहिली अडचण इनटेक मॅनिफोल्डची, म्हणजे सिलेंडरांकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या ओतीव भागाची, ज्यावर कार्बोरेटर बसतो. 1996 पासूनच्या व्होर्टेक नावाच्या सिलेंडर हेडना मॅनिफोल्ड आठ बोल्टचा लागतो, जुन्या हेडचा बारा बोल्टचा बसत नाही. मुंबईतल्या दारूखाना भागात स्वस्तात मिळणारे बहुतेक जुन्या हेडचे निघतात. मी ॲल्युमिनियमचा नवा मागवला, कारण माझ्या इंजिनाला हीट एक्स्चेंजर आहे आणि ब्लॉकमध्ये कूलंट फिरतं. ज्यांच्या इंजिनात थेट खाडीचं पाणी फिरतं त्यांनी ओतीव लोखंडाचा मरीन मॅनिफोल्डच घ्यावा. खारं पाणी ॲल्युमिनियम खाऊन टाकतं.

दुसरी गोष्ट ठिणगीची. इंजेक्शनच्या इंजिनात टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुढे-मागे करण्याचं काम कंट्रोल युनिट करत असतं. ते काढलं की डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा भाग) असा हवा ज्याच्या स्वतःच्या मोड्यूलमध्ये ॲडव्हान्स, म्हणजे ही वेळ बदलण्याची सोय आहे. मरीन कार्बोरेटर इंजिनांवर डेल्कोचा जो ईएसटी डिस्ट्रिब्यूटर येतो तो मी घेतला. त्याचा गिअर आपल्या कॅमच्या धातूला चालणारा आहे ना, हे घेण्याआधी विचारा. टायमिंग लाइटशिवाय ते बसवू नका.

तिसरी गोष्ट पंपाची, आणि इथे जिवाशी गाठ आहे. जुना पंप 43 पीएसआयचा. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आत सोडणारी सुई साडेसहा पीएसआयच्या वर दाब धरत नाही. जुना पंप ठेवला तर पेट्रोल उतू जाऊन सिलेंडरमध्ये उतरेल. कमी दाबाचा मरीन पंप लावला आणि त्याची वीज ऑइल प्रेशर स्विचमधून घेतली, म्हणजे किल्ली चालू राहिली तरी इंजिन थांबल्यावर पंप थांबतो. इंजेक्शनची परतीची नळी टाकीपाशी टोपी लावून पक्की बंद केली.

आणि गाडीचा कार्बोरेटर बोटीवर कधीही लावू नका. तो अर्ध्या किमतीत मिळतो, दिसायला तसाच असतो, म्हणून मोह होतो. मरीन कार्बोरेटरच्या बाऊलची (आतल्या पेट्रोलच्या वाटीची) हवानळी आतल्या घशाकडे वळवलेली असते, म्हणजे उतू गेलेलं पेट्रोल इंजिनात जातं. गाडीच्या कार्बोरेटरचं बाहेर सांडतं. गाडीच्या बॉनेटखाली वारा असतो. बोटीच्या तळात पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड म्हणून साचून राहते, आणि तिथे एक ठिणगी पुरते. वर फ्लेम अरेस्टर (आतली ज्वाळा बाहेर येऊ न देणारी जाळी) हवा, गाडीचा एअर फिल्टर नाही. स्टार्टर आणि अल्टरनेटरही मरीनच हवेत. सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर (तळातली वाफ बाहेर फेकणारा पंखा) चालवायचा नियम माझ्या बोटीवर कुणालाही मोडता येत नाही, पाहुण्यांनी कितीही घाई केली तरी.

एक गोष्ट सहज विसरली जाते. कंट्रोल युनिटबरोबर त्याचा भोंगाही जातो. तापमान चढलं, ऑइल उतरलं, तर सांगणारं कुणी राहत नाही. म्हणून तापमानाचा आणि ऑइलचा असे दोन स्विच वेगळे लावले आणि त्यांना बझर जोडला. आमच्या खाडीत गाळ इतका की पाण्याचा इम्पेलर (थंड करायचं पाणी ओढणारा रबरी पंखा) कधी दगा देईल सांगता येत नाही. जानेवारीत भांगाच्या (भरती-ओहोटीचा जोर कमी असतानाच्या) ओहोटीला उथळात शिरलो तेव्हा त्या बझरनेच इंजिन वाचवलं.

कार्बोरेटर घेतला तो एडलब्रॉकचा 600 सीएफएमचा (मिनिटाला इतके घनफूट हवा घेणारा) मरीन, फोर-बॅरल, म्हणजे चार घशांचा. तोच घेण्याचं कारण म्हणजे त्याच्या मीटरिंग रॉड (पेट्रोल किती जाईल ते ठरवणाऱ्या बारीक काड्या) वरूनच बदलता येतात, झाकण उघडावं लागत नाही. हे आपल्याकडे फार उपयोगी पडतं, कारण पेट्रोल बदललंय. 2025 मध्ये देशाने 20 टक्के इथेनॉल मिश्रणाचा टप्पा गाठला. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे 14.7 भाग लागतात, ई-20 ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे कंपनीच्या सेटिंगवर तो इथे कोरडा चालतो, पेट्रोल कमी पडतं. पहिल्या फेऱ्यांमध्ये थ्रॉटल उघडताना अडखळायचा आणि प्लगची टोकं पांढरी निघायची. बारीक रॉड टाकल्या, प्लग फिकट तपकिरी येऊ लागले, अडखळणं गेलं. माझ्या इंजिनाला ऑक्सिजन सेन्सर नव्हता, तेव्हा इंजेक्शननेही हा फरक आपणहून भरून काढला नसताच. इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात, त्याही सगळ्या बदलल्या.

मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये तुर्भ्याच्या एका लेथवाल्याकडून अर्ध्या इंचाचा बेकेलाइटचा स्पेसर करून घेतला. इंजिन बंद केल्यावर खालची उष्णता बाऊलमध्ये चढून पेट्रोल उकळतं आणि मॅनिफोल्डमध्ये ठिबकतं. स्पेसरने ते खूप आटोक्यात आलं, मार्चनंतरच्या उन्हात तर ठळक जाणवलं. करण्याआधी हॅच बंद होते का ते मोजून घ्या. आता घारापुरीहून निघताना थ्रॉटल अर्धा उघडा ठेवून किल्ली फिरवायची, थ्रॉटल पुढे-मागे करायचा नाही. सुरू होतं.

आयडल हा खरा दिलासा. मिश्रणाचे दोन स्क्रू व्हॅक्युम गेज लावून, बोट पाण्यात आणि गिअरमध्ये ठेवून लावले. जमिनीवर नळाचं पाणी जोडून लावलेलं आयडल पाण्यात टिकत नाही. त्यानंतर धक्क्याला लागताना इंजिन एकदाही बंद पडलेलं नाही. मध्ये एकदा उरणजवळच्या मोरा बंदराच्या बाजूला इंजिन खोकू लागलं. वर उघडून पाहिलं, आत डोकावून थ्रॉटल हलवला, पेट्रोलची धार येत नव्हती. फिल्टरमध्ये पाणी भरलं होतं. ओतून टाकलं, पुन्हा लावला, घरी आलो. आधी हाच दोष शोधायला बोट ओढत आणावी लागली असती.

तोटे. 3200 आरपीएमला तासाला साधारण 26 लिटर लागायचं ते आता 30 च्या घरात गेलंय. सगळं पेट्रोल कॅनने धक्क्यावर वाहून आणावं लागतं, त्यामुळे हा फरक खिशाइतकाच खांद्यालाही जाणवतो. गळ टाकून बराच वेळ मंद चाललो तर प्लग काळे पडतात, मग मोकळ्या पाण्यात थोडा वेळ जोरात पळवावं लागतं. आणि धूर. ठाण्याची खाडी 2022 पासून रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) आहे, त्याआधी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य. मी वाशीच्या पुलाच्या वर इंजिन घेऊन जाणं बंद केलंय. खाडीचा विचार केला तर इंजेक्शनच बरं होतं, यात मला शंका नाही.

खर्च भाग, कस्टम आणि मजुरी धरून सव्वादोन लाखांच्या आत बसला.

तुमचं इंजिन नवं असेल, त्याचं युनिट आणि स्कॅनर मिळत असेल, तर पैसे वायरिंग, अर्थिंग आणि पंपावर घाला, कार्बोरेटरवर नाही. अमेरिकेत 2010 पासूनच्या अशा इंजिनांना कॅटॅलिस्ट (धूर स्वच्छ करणारा भाग) येतो, त्यांना तर हात लावू नका. विमा असेल तर कंपनीला आधी लेखी विचारा.

काढलेलं सगळं इंजेक्शन, रेल आणि वायरिंगसकट, तेल पुसून पेटीत ठेवलंय. बोट वर घेण्याआधी टाकी रिकामी करणार, मग पेट्रोलची नळी बंद करून बाऊल कोरडा पडेपर्यंत इंजिन चालवणार, कारण इथेनॉलमध्ये ओढलं गेलेलं पाणी पावसाळाभर बाऊलमध्ये बसलं तर पांढरी भुकटी धरते. ऑगस्टमध्ये झाकण उघडून पाहीन, आणि आत काय सापडलं ते कळवीन.